उतारा

पालथ्या तांब्यावर पेला – स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला, कडेवर ठिपक्याठिपक्यांनी ‘कुसुम’ असं कोरलेलं... ही कुसुम कोण, कुठली, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. भूकंपानंतर मदतीचे ट्रक आले, त्यातल्या भांड्यांबरोबर तिचं नावही घरात आलं आणि राहिलं. पेला उभा होता. म्हणजे रात्रभर जमीन हलली नव्हती. धम्मप्रियानं डोळे उघडले की आधी तिकडे बघायचं, मग घड्याळाकडे, मग जगाकडे, हा तिचा क्रम सहाव्या वर्षापासूनचा. आज घड्याळाशी आल्यावर तिला आठवलं की अकराला मुलाखत आहे.

खाली गल्लीत सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. लातूरची ही गल्ली पहाटेच जागी होते ती कोचिंगच्या पोरांमुळे. खांबाखांबावर गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्यांचे फोटो, आणि दर तिसऱ्या घरावर ‘मुलींसाठी रूम’. आईनंही – सरजाबाईनं – पुनर्वसनाचं गाव सोडून इथं दोन खोल्या घेतल्या, वर माडी चढवली, आणि आता तिथं नायगाव-मुदखेडकडच्या मुली राहतात, आईच्या हातच्या भाकरीला नावं ठेवतात आणि तीन-तीन खातात. धम्मप्रिया नांदेडला शरीरशास्त्र शिकवते, तिथं तिला टेबल आहे, पंखा आहे, मानही आहे. पण अख्ख्या मराठवाड्यात न तुटणारं इंटरनेट हवं तर ते लातूरच्या मुलींच्या होस्टेलात, हे ती पक्कं जाणून होती. म्हणून ती काल इथं आली. निदान स्वतःला तिनं तेच कारण सांगितलं होतं.

याआधी दोनदा नकार आला होता. बीज-निधी म्हणतात त्याला – नवी कल्पना रुजते का पाहायला दिलेलं पहिलं बळ. मागच्या दोन्ही वेळी तिनं समितीपुढे समितीचीच भाषा बोलायचा प्रयत्न केला, आणि समितीला ती भाषा तिच्यापेक्षा जास्त चांगली येत होती. या वेळी नाही झालं तर हैदराबादजवळच्या संस्थेत तिच्यासाठी राखून ठेवलेला माकडांचा कळप दुसऱ्या कुणाच्या कामाला जाणार होता, औषधाच्या चाचणीला, सुयांना; आणि तिचा प्रश्न... तिचा प्रश्न तिच्याबरोबरच म्हातारा होणार होता.

आई चहा घेऊन आली. तिनं पेला उचलून मोरीत ठेवला, तांब्या सरळ केला, सगळं रोजच्यासारखं.

‘‘नाव काय म्हन्लीस त्या कामाचं?’’

‘‘उतारा.’’

सरजाबाईचा चेहरा आक्रसला. ‘‘आपन बुद्धाची मानसं, माय. भाकरतुकडा ओवाळून तिकाटन्यावर टाकायचं कवाच सोडलं आपन. तू एवढी शिकून उतारा टाकून राहिली?’’

‘‘तो नव्हे गं. विषावरचा. चढलेलं उतरवतो तो.’’

‘‘मंग तसं म्हन की,’’ आई म्हणाली आणि वर मुलींना उठवायला गेली.

चढलेलं उतरवतो तो. किती सोपं... हे वाक्य दोन नकारांच्या आधी का सुचलं नाही? धम्मप्रिया चहाकडे बघत राहिली आणि चहात भूकंपानंतरची पत्र्याची शेड दिसू लागली. ओळीनं शेडी, ओळीनं चुली, आणि रात्री प्रत्येक शेडीत पालथा तांब्या, त्यावर पेला. धरणी हलली की पेला पडेल, खणखणेल, माणसं बाहेर पळतील. सरकारकडे यंत्रं होती, आमच्याकडे पेले होते. आणि खरं सांगायचं तर धरणीनं पाडले त्याहून जास्त पेले मांजरांनी पाडले. एक खणकला की अख्खी ओळ उघड्यावर, पोरं काखोटीला, कुणाचं धोतर हातात – मग कळायचं की मांजर, मग हसू, मग शिव्या. पुढे मात्र दोन तऱ्हा व्हायच्या. काही जण परत आत जाऊन घोरायला लागायचे. काही जण उजाडेपर्यंत बसून राहायचे, गुडघे छातीशी घेऊन, डोळे टक्क. पेला तोच, मांजर तेच. मग एकाचं उतरतं आणि दुसऱ्याचं उतरत नाही, ते का?

हाच तो प्रश्न. याच्यापायी तिनं डॉक्टरकी सोडली आणि नातेवाइकांची बोलणी ओढवून घेतली.

बसून राहणाऱ्यांत आई होती... गुडघे छातीशी घेतलेली आई, मांडीवर मी. आमची वस्ती गावाबाहेर, कुडाची घरं, डोक्यावर फार तर पत्रा. ती हलली, वाकली, माणसं वाचली. गावातली दगडामातीची माळवदं खाली बसली. बा त्या रात्री मालकाच्या बैलांपाशी झोपला होता, गावात, माळवदाखाली. गावानं ज्या घरांत आम्हाला कधी घेतलं नाही, त्यांतल्या एकानं तेवढ्या बाला ठेवून घेतलं. तेव्हापासून आई पेला ठेवते. तीस वर्षं झाली, शेडी गेल्या, सिमेंटचं घर आलं, खाली खडक की माती हे तपासून बांधलेलं, तरी ठेवते. लोक म्हणाले, सरजाच्या डोक्यावर परिणाम झाला. मला सिद्ध करायचं होतं की तो डोक्यावरचा परिणाम नाही, तो अंगातला आहे, रक्तातला, मोजता येईल असा, आणि मोजता येतं ते कधी ना कधी उतरवताही येतं.

अकराला पडद्यावर पाच चेहरे उगवले. वरच्या मुलींना आईनं अशी तंबी दिली होती की जिन्यावर चप्पलसुद्धा वाजत नव्हती. ते इंग्रजीत विचारत गेले आणि ती इंग्रजीत सांगत गेली – कळपातल्या माकडांना मऊ पट्टे, गळ्याला गंडा बांधावा तसे. पट्टा कातडीवरूनच छातीची धडधड मोजतो. सुई नाही, कापाकापी नाही, एकालाही कळपापासून तोडायचं नाही. मग वाडगं पडल्याचा खोटाच आवाज, आणि नंतर कुणाची धडधड किती वेळात खाली येते ते पाहायचं. सगळं नीट चाललं होतं. मग कडेच्या चौकोनातले पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे झुकले.

‘‘हे उंदरांवर का नको? स्वस्तात होईल. माकडंच का?’’

मागच्या वेळी याच प्रश्नावर ती अडखळली होती. आत लगेच चार पर्याय उभे राहिले; लातूरच्या क्लासनं हाडांत मुरवलेली ती खोड, कुणी ‘जेवलीस का’ विचारलं तरी मनात अ, ब, क, ड. अ – मेंदूची रचना. ब – माणसाशी जवळीक. क – आधीचे निष्कर्ष. ड – वरील सर्व. मागच्या वेळी तिनं ‘ड’ सांगितलं होतं. त्याच क्लासातले राघवेंद्र सर फळ्यापाशी उभे राहून म्हणायचे, उत्तर शोधू नका, आधी प्रश्न पुरता वाचा. माकडंच का... माकडंच का? आणि पुनर्वसनाच्या गावाकडे जातानाचा तो लिंब दिसला, पडलेल्या गावात एकटाच उभा राहिलेला, आणि त्यावर वानरांची टोळी. पुन्हा एक बारीकसा धक्का आलेला. माणसं ओरडली. लिंब हलला. आणि एक पिल्लू – काळं तोंड, मोठे कान – पळालं नाही, किंचाळलं नाही. त्यानं आधी आईच्या तोंडाकडे बघितलं.

‘‘उंदीर आवाज ऐकला की पळतो,’’ ती म्हणाली. ‘‘माकड आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतं. भीती खरी की खोटी, हे ते दुसऱ्याला विचारतं. माझं म्हणणं असं, की भीती एकट्याच्या अंगात चढत असेल, पण उतरते ती कुणाजवळ तरी. जवळचा जो निवांत आहे, तोच उतारा. हे उंदरात दिसणार नाही. आणि माणसांत मोजायला...’’ इथं तिचा आवाज जरा हलला, पण तिनं तो हलू दिला. ‘‘माणसांत मोजायला मी सहा वर्षांची होते तेव्हाच कुणीतरी यायला हवं होतं. माझी आई अजून रोज तांब्यावर पेला ठेवते.’’

मग तिनं पेल्याची गोष्ट सांगितली. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत कळवतो.

फोन चारलाच आला, हैदराबादेहून, मालविकाचा. ही तिची या कामातली जोडीदारीण, जनावरांची डॉक्टर, मूळची नांदेडची. माकडं हिच्याच ताब्यातली.

‘‘उतारा मंजूर झाला बघ,’’ मालविका म्हणाली. ‘‘पाचही जणांनी एकमतानं. कळप आपलाच राहणार.’’

धम्मप्रिया उभी होती ती मोरीच्या उंबऱ्यावरच बसली. काय वाटलं? आनंद, निखळ, उघडा आनंद, पोटापासून टाळूपर्यंत. शेडीपासून इथवरची सगळी वाट एका श्वासात चालून आल्यासारखा. मला जिंकता आलं, माझ्या शब्दांत, माझ्या आईच्या शब्दांत. तिनं ओढणीत तोंड खुपसून रडून घेतलं आणि मग मोठ्यानं सांगितलं, ‘‘आई, उतारा मंजूर झाला.’’

सरजाबाईनं ते जसंच्या तसं रेणापूरला भावाला, केरबामामाला कळवलं, आणि दिवेलागणीला मामा पेढ्याचा पुडा घेऊन दारात. त्यांच्या समजुतीनं पुनर्वसनातल्या जागेचा, वर्षानुवर्षं तलाठ्याकडे अडकलेला सातबाराचा उतारा निघाला होता.

‘‘जमिनीचा न्हाई का मंग?’’ मामांनी पुडा अर्धा सोडून हात थांबवला.

‘‘माकडांचा, मामा.’’

‘‘वांदराच्या नावानं उतारा निघतो, आन् आमच्या न्हाई,’’ मामा म्हणाले, आणि पुडा पूर्ण सोडला. मुली जिन्यावरून धडधडत खाली आल्या, पेढे संपले, कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. मामांनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. हा दिवस तिचा होता आणि सगळ्या घरानं तो तिला दिला.

मुली अभ्यासाला वर गेल्या. आई परातीत उद्याची तूर निवडायला बसली. बसण्याआधी तिनं सवयीनं कोपऱ्यात तांब्या पालथा घातला, वर पेला ठेवला. धम्मप्रियाला एकदम भरून आलं. ती जवळ जाऊन बसली.

‘‘आई, आता नको ठेवूस. आता भ्यायचं कारण नाही तुला.’’

सरजाबाईनं मान वर केली. तिला खरंच कळलं नव्हतं.

‘‘म्या कशाला भेते?’’

‘‘मग पेला...?’’

‘‘तुझ्यासाठी ठिवते की. पेला दिसल्याबिगर तू डोळा मिटत नव्हतीस. रातभर गुडघे धरून बसायची, म्या तुला मांडीवर घेऊन. मला लई झोप यायची, पर करते काय.’’ तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. ‘‘तू नांदेडला ऱ्हायलीस की त्यात पोरी पानी पितात.’’

...पेला डोळ्यांसमोर होता. कुसुम. बुडाशी पोचा. टक्क डोळे कुणाचे होते? मांडीवर मी होते, गुडघे छातीशी – ते माझे होते, माझे, आणि आईनं मागून मला वेढलं होतं, म्हणून सगळ्या आठवणीत ते गुडघे तिला जाऊन चिकटले. आणि सकाळी मी पाच माणसांना... धम्मप्रियाला वाटलं, आता आतून काही तरी कोसळेल. ती वाट बघत राहिली. कोसळलं नाही. उलट हसू यायला लागलं, खालून, उकळीसारखं. काय सांगितलं होतं मी त्यांना? जवळचा जो निवांत आहे, तोच उतारा. गोष्टीतली माणसं तेवढी उलटी बसली होती. म्हणणं खरंच होतं. इतकं खरं, की तीस वर्षं ते तिच्या पाठीमागे बसून पेंगत होतं.

तिनं हात लांब केला आणि एका बोटानं पेला ढकलला.

खणकन आवाज झाला, फरशीवरून घरभर गेला. छातीत धडधड उसळली, नेहमीसारखीच, सहाव्या वर्षासारखीच – आणि तिनं आधी आईच्या तोंडाकडे बघितलं.

आई तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त एक हात परातीतून काढून लेकीच्या गुडघ्यावर ठेवला, तुरीच्या भुकटीनं माखलेला, आणि दुसऱ्या हातानं निवडत राहिली. धम्मप्रिया डोळे मिटून आपल्या छातीतली धडधड ऐकत बसली, पट्ट्याशिवाय... एक पायरी खाली, आणखी एक. पेला गडगडत कुठं गेला, ते तिनं पाहिलं नाही.