आबांना झोप लागली तिथली खूण

मित्रांनो, मी एक जुना दोरा आहे. काळा, झिजून वीतभर उरलेला, दोन्ही टोकांना उसवलेला. सध्या एका गोष्टीच्या पुस्तकात राहतो. कालची जागा धरून ठेवणं एवढंच माझं काम. त्यामुळे मला काही सलग सांगता येत नाही. पुस्तक मिटलं की मी थांबतो. कधी मला उचलून मागे ठेवतात. तसं झालं तर तुम्हीही माझ्याबरोबर मागे या.

आधी मी लोकर होतो. वेल्ह्याच्या डोंगरात, वरच्या एका वस्तीवर, मेंढीच्या पाठीवर ऊन खात होतो. बाजीआबांनी मला कातरलं, पिंजलं, आणि मेंढरांमागे चालता चालता हातातल्या चातीवर कातलं. मग पदराला पदर देऊन वळलं आणि माझ्यात घंटी ओवून मला म्होरक्या मेंढीच्या गळ्यात बांधलं. "ह्यो दोरा माझ्यापरीस जास्त टिकंल," असं ते म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

खरं काम अंधार पडल्यावर असे. आबा मेंढवाड्याशेजारी घोंगडं पांघरून पडायचे. मेंढी मान हलवी, घंटी वाजे. थांबे. पुन्हा वाजे. तो अडखळता आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे, हे आबांच्या कानांना ठाऊक होतं. त्या आवाजात त्यांना अशी झोप लागे, की —

(पुस्तक मिटलं.)

कुठं होतो आपण? झोपेपाशी.

म्होरकी मेंढी म्हातारी होऊन गेली. घंटी आणि मेंढरं पुतण्याकडे गेली. मी आबांच्या बंडीच्या खिशात राहिलो, तंबाखूच्या चुऱ्यात. बरेच दिवस कुणी मला हात लावला नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बांधायला काही उरलं नाही की दोरा नुसता दोरा होतो.

मग एका हिवाळ्यात आबा उतारावर घसरून पडले आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. त्यांचा मुलगा सिद्धनाथ भोरला नोकरी करतो. त्याने त्यांना टेम्पोत घातलं आणि आपल्या घरी आणलं. खिशातून मीही आलो.

भोरच्या घरात सगळं होतं. झोप नव्हती.

"हितं कान रिकामं ऱ्हात्यात," आबा म्हणाले. "म्या जातो वर."

"वर तुमच्याकडं बघायला कोण हाय, आबा?" सिद्धनाथ म्हणाला.

"आन् हितं समदी माझ्याकडंच बघत बसल्यात. मी काय टीव्ही हाय व्हय?"

सिद्धनाथने त्यांना मोबाईलवर मेंढरांचे व्हिडिओ लावून दिले. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होई. कुणाची तरी मेंढरं, कुठला तरी डोंगर. आबा बघत राहिले. डोळे लाल झाले, झोप आणखी लांब गेली.

"काढून घ्या तो मोबाईल," सूनबाई कुंदा नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर मामंजी त्यातलीही मेंढरं वळायला निघतील."

मोबाईलमध्ये मला ठेवायला जागा नसते, मित्रांनो. आज इथवर पुरे, असं तो कधी म्हणत नाही.

प्रांजल ही आबांची नात, पाचवीतली. तिचं वाचन कच्चं होतं. वर्गात अडखळली की मुलं हसत. बाईंनी तिला एका नावाड्याच्या गोष्टीचं पुस्तक दिलं आणि झोपण्याआधी रोज थोडं मोठ्याने वाचायला सांगितलं. घरात न हसणारा माणूस एकच होता. ती आबांच्या अंथरुणाशी जाऊन बसली.

"धर... धरणाच्या... पाण्या... पाण्यावर..."

"भाटघरचंच पानी आसंल," आबा म्हणाले.

ती थांबली. पुन्हा वाचू लागली. पुन्हा थांबली. मला खिशात तो आवाज लगेच ओळखू आला. आबांचा श्वास लांब होत गेला.

सकाळी त्यांनी विचारलं, "मग फुडं काय झालं?"

"तुम्ही झोपलात, आबा. कुठवर ऐकलंत तेच कळेना."

आबांनी मला खिशातून काढलं, झटकलं. "ह्यो घे. मला झोप लागंल तिथं ठिवत जा. तू थांबशील तिथं न्हाई."

"ठेवीन. पण गोष्ट संपेपर्यंत वर जायचं नाही."

"बरं. गोष्ट संपंस्तवर थांबतो. मग मी आन् यष्टी. शबूद दिला."

दिलेला शब्द आबांनी आजवर फिरवला नव्हता. सिद्धनाथला तीच काळजी होती.

मी पुढे सरकत राहिलो. आबांचा चेहरा निवळला, भूक वाढली. प्रांजलचं अडखळणं कमी कमी होत गेलं आणि वर्गातली मुलं हसायची विसरली. पण आता नवीच पंचाईत झाली. ती सरळ वाचू लागल्यावर आबांना गोष्ट कळू लागली. "कुत्रं काठावर कशाला ठिवलं? नावंत घ्याचं की," म्हणून ते उठून बसत. तरी पाण्यावरची ती नाव डोळ्यांपुढे डुलत डुलत त्यांना झोपेला नेऊन सोडी.

एका रात्री गोष्टीत वादळ आलं आणि नावाडी बुडाला. माझ्यापुढची पानं आता थोडीच उरली होती. सकाळी आबांनी आपली पिशवी खुंटीवरून काढली आणि उशाशी ठेवली. प्रांजलने ते पाहिलं, आणि —

(मला उचलून मागे ठेवलं.)

भोरच्या घरात सगळं होतं. झोपही होती.

मला मागे ठेवलं ते प्रांजलने. दोनच पानं. त्या रात्री तिने ऐकवलेलंच ऐकवलं. आबांनी हूं हूं केलं. गोष्ट पुढे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आबा पुस्तक ठेवलेल्या फळीपाशी आले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी धोतराला बोट पुसलं, पुस्तक उघडलं, मला चिमटीत धरलं. मग पानांचा एक जाड गठ्ठा उलटा परतवून मला तिकडे, पार मागे ठेवलं. पुस्तक होतं तसं ठेवलं आणि अंथरुणावर जाऊन बसले.

निजायच्या वेळी प्रांजलने पुस्तक उघडलं. माझी जागा पाहिली. आबांकडे पाहिलं. वाचू लागली.

"नावाड्याने वल्हं उचललं आणि कुत्र्याला हाक मारली."

ती थांबली. अडखळून नव्हे.

"आबा, नावाडी तर परवा बुडाला."

आबांचे डोळे मिटलेले होते.

"बुडाला आसंल," ते म्हणाले. "आज न्हाई बुडाला. वाच."

ती वाचत राहिली. सिद्धनाथ दारात उभा होता. तो आत आला, उशाजवळची पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवली. आबांनी एक डोळा उघडला, पिशवी पाहिली, मिटला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. झोपण्याआधी थोडं वाचा, जमल्यास कुणाला ऐकू जाईल असं. पानाचा कोपरा दुमडू नका, तो झिजून तुटतो. एखादा दोरा ठेवा. आणि पुस्तकातली खूण कधी मागे सरकलेली दिसली, तर कुणी सरकवली ते विचारू नका. तिथून वाचा.