भुऱ्याची लोकर

अब्बा एडक्यावर बसले होते आणि उतरायला तयार नव्हते.

एडका लाकडाचा. गोरेगावच्या जत्रेतल्या गोल चक्रीवर बसवलेला, चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांनीच घडवलेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस दोन्हीकडे पाय टाकून, शिंगं धरून बसलेला, आणि समोर टेम्पो उभा. टेम्पोत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आठ फायबरचे पुतळे. दुपारी जत्रा भरायची होती. चक्रीचा मालक शिवहार याने मला फोन केला होता, म्हणून मी मशीनवरचं ब्लाऊज अर्धवट टाकून धावत आले होते.

"अंजुमताई, तूच सांग बरं काकाले," शिवहार म्हणाला. "मी का वाईट करून राहिलो?"

मला टेम्पोतलं एक तोंड दिसत होतं. माकड होतं ते, डोक्यावर पंखा आणि अंगात लाल जाकीट. गेल्या वर्षी आलेल्या कुठल्याशा सिनेमातलं. माझ्या घरातल्या उशीच्या अभ्र्यावरही तेच माकड आहे. तो अभ्रा मीच शिवलाय, पोराने हट्ट केला म्हणून. तेव्हा कुणावर चिडायचं हा प्रश्नच होता, पण चिडले मी शिवहारवरच.

शिवहारच्या वडिलांनी, जगनशेठनी, ही चक्री आणली तेव्हा तिला नुसते पाट होते. त्यांचा पवळ्या नावाचा बैल मेला आणि शेठ दोन दिवस जेवले नाहीत. अब्बा तेव्हा नवे सुतार. त्यांनी बाभळीच्या ओंडक्यातून पवळ्या घडवला, एक शिंग खाली वळलेलं होतं ते तसंच ठेवलं, आणि मेलेल्या बैलाच्या शेपटीचा गोंडा लाकडी शेपटीला बसवला. त्या वर्षी शेठनी शिवहारला त्याच्यावर बसवलं. तिथून रीतच पडली. कुणाचं लाडकं जनावर गेलं की शेपटीचे केस कागदात बांधून घेऊन माणसं आमच्या दारात यायची. सगळ्यांचं अब्बा करत नसत. चक्रीला जागाच आठ. पण जे केलं ते हुबेहूब. खूण, खोड, व्यंग, सगळं. मग त्या घरातलं लेकरू चक्रीवर बसण्याएवढं झालं की पहिली फेरी आपल्या जनावरावर. माझी पहिली फेरी माझ्या दादी अमिनाबीच्या चांदणी शेळीवर झाली. मी चांदणीला कधी पाहिलंही नव्हतं, पण तिला डाव्या डोळ्याने कमी दिसायचं हे मला आजही माहीत आहे.

अब्बा ज्याच्यावर बसले होते तो एडका नर्मदाबाईंचा भुऱ्या. नर्मदाबाई शेजारच्या वाडीवरच्या, मेंढरं राखणाऱ्या. त्यांच्या कळपाची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन चिरा. लाकडी भुऱ्याच्या कानालाही दोन चिरा होत्या. त्यांची नात सीमा चार वर्षांची झाली होती आणि आज तिची पहिली फेरी होती. बाईंनी आठ दिवसांपूर्वीच तसा निरोप धाडला होता. अब्बांनी त्या निरोपावर भुऱ्याच्या खुरांना नवा काळा रंग दिला होता. आणि या शहाण्याने आजच टेम्पो आणला.

"लेकरं ह्यायलाच वळखतेत, काका," शिवहार समजावत होता. "मोबाइलमधी पायतेत, दप्तरावर पायतेत. त्या बाजूचा पाळनावाला दोन वर्षांपासून शिनेमाचे पुतळे लावून राहिला. त्याच्याकडं रांग, आन् माझ्याकडं म्हातारे. तुमच्या एडक्याले आता कोन वळखतं?"

"वळख व्हावी म्हनूनच तर बसवतेत," अब्बा म्हणाले. "पोरगं इचारतं, ह्येचा कान काहून फाटला? मंग आजी सांगती. तुह्या माकडाचं काय सांगन कोन? त्ये कोनाच्या घरी मेलं?"

"सगळ्यायच्या घरी हाय ना त्ये."

"म्हनूनच म्हनतो. कोनाच्याबी घरचं न्हाई."

शिवहार टेम्पोकडे पाहायला लागला. मला वाटलं, जिंकलं. पण चक्री त्याची होती, आणि अब्बा कितीही वेळ बसले तरी कधीतरी उतरणारच होते. त्यात शिवहारने उदार होऊन आणखी एक सांगितलं. जनावरं तो टाकून देणार नव्हता. फाटकापाशी ओळीने उभी करणार होता, गळ्यात प्लॅस्टिकच्या झेंडूचे हार घालून. लोक फोटो काढतील, मागे दिव्यांची कमान असेल. जुनं ते जुनं म्हणून मान राहील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पवळ्यावर हा स्वतः बसला, त्याच्या गळ्यात हार घालून याला फोटो काढायचे होते. मी नको ते बोलले. तुझ्या बापालाही तिथेच उभं कर, म्हणाले. बोलल्यावर वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही, आणि आजही घेणार नाही.

अब्बा मात्र खाली उतरले. पान्हा मागितला आणि एकेक जनावर स्वतः सोडवायला लागले. कुणाला हात लावू दिला नाही. आठही जनावरं चिंचेखाली नेऊन ठेवली. फाटकापाशी एकही जाणार नाही, एवढंच त्यांनी शिवहारला बजावलं. शिवहारने मान हलवली. त्यालाही बहुधा सुटल्यासारखं झालं होतं.

मग त्याच्या माणसांनी पुतळे चढवले आणि चक्री रिकामीच फिरवून पाहिली. दुसऱ्याच फेरीला ती लंगडायला लागली. मधला खांब कुरकुरला, एक बाजू वर, एक बाजू खाली. छाती फुगवलेला, पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखातला एक वीर अंगाने केवढा, आणि त्याच्या समोर आला होता सशाएवढा कुणी बुटका. समोरासमोरचं वजन बराबर लागतं, हे चक्रीचं पहिलं गणित. जनावरं घडवताना अब्बा दोन-दोन तोलून घडवत. पवळ्यासमोर म्हैस, चांदणीसमोर भुऱ्या.

शिवहारचा चेहरा उतरला. तो आमच्याकडे पाहायला लागला.

मी अब्बांना हळूच म्हणाले, लंगडू द्या. सगळ्या गावासमोर बंद पडू द्या. त्याशिवाय याला कळणार नाही.

अब्बा एवढे चिडलेले मी त्या दिवशी पाहिले नव्हते, शिवहारवरसुद्धा नाही. त्यावर लेकरं बसणार आहेत, ते म्हणाले. पुन्हा असं तोंडातून काढू नकोस.

त्यांनी ओढ्यातली वाळू आणवली. पुतळे आतून पोकळ होते. पिशव्या भरून, हाताने जोखून, एकेकाच्या पोटात त्यांनी वाळू घातली. पंखेवाल्या माकडाच्या पोटात सगळ्यांत जास्त लागली. दीड तासाने चक्री फिरली तेव्हा खांबाचा आवाज नव्हता. माकड सुरेख फिरत होतं, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

मग अब्बा चिंचेखाली बसले. आठही शेपट्यांचे केस त्यांनी किकऱ्याने, त्या बारीक छिन्नीने, अलगद सोडवले, आठ कागदांत बांधले आणि कागदांवर माझ्याकडून नावं लिहवून घेतली. पवळ्याचा कागद शिवहारला नेऊन दिला. त्याने तो खिशात ठेवला. मग बाहेर काढला, हातातच धरून उभा राहिला, आणि तिकिटं फाडायचं काम दुसऱ्याला सांगून कुठेतरी निघून गेला.

दुपारी नर्मदाबाई आल्या. नवं लुगडं, सोबत नात. पोरीच्या केसांना एवढं तेल की उन्हात चकाकत होतं. बाई सरळ चक्रीकडे गेल्या, एक वळसा घालून आल्या, आणि अब्बांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कादरभाऊ, आमचा कुठं हाय?"

अब्बांनी चिंचेखाली बोट दाखवलं. मग उठून दोन्ही हातांनी कागद पुढे केला. "तुमची अमानत," ते म्हणाले. "मह्याच्यानं सांभाळनं झालं न्हाई."

बाईंनी कागद उघडला. चाळीस वर्षांची लोकर, पिवळी पडलेली, चिमूटभर. त्यांनी ती नाकाशी नेली.

"दुसऱ्यांदा मेला म्हना की," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सीमाने आजीचा पदर ओढला. तिला माकडावर बसायचं होतं. तिने ते ओळखलं होतं. त्याचं नाव ती मोठ्याने घेत होती आणि तिचा काही एक दोष नव्हता.

बाईंनी तिला नेलं. अब्बांनी उचलून माकडावर बसवलं. बाई पुतळ्याभोवती हात फिरवत राहिल्या, पाठीवर, मागे, कानाखाली. मला कळायला थोडा वेळ लागला. त्या लोकर बांधायला जागा शोधत होत्या. फायबरची शेपटी अंगाला चिकटवलेली, कान डोक्याला चिकटलेले. सगळं एकसंध, गुळगुळीत. केसभर फट नव्हती.

शेवटी त्यांनी नातीचा हात धरला आणि मनगटातल्या काळ्या दोऱ्यात ती लोकर गाठ मारून अडकवली.

"हे काय हाय, आज्जी?" पोरीने विचारलं.

"उतर, मंग सांगते."

चक्री सुरू झाली. सीमा हसत होती, एका हाताने माकडाचा पंखा धरून. लोकर बांधलेला दुसरा हात तिने वर केला होता. नर्मदाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि फेरी पुढे आली की तेवढ्या हाताकडे पाहत होत्या. अब्बांचं लक्ष खांबाकडे होतं. चक्री थांबेपर्यंत ते कान लावून उभे राहिले.