झागारांच्या घरातली माणसं

गाश्परशी लग्न शनिवारी, आणि रविवारपासून नेझाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळं श्टेफ्का आत्यामुळे. त्या दिवशी जेवताना अक्रोडाच्या पोतीत्सा केकचा तिसरा तुकडा तोंडात कोंबत ती म्हणाली, "अगं, तुझी आजी झागारांची, आणि गाश्परचे आजोबाही झागारांचेच. सख्खी भावंडंच की ती दोघं! पोटातल्या लेकराचं देव भलं करो."

नेझाला चौथा महिना होता. तिनं ताट बाजूला सारलं. गाश्पर मात्र मान खाली घालून सूप ओरपत राहिला, आणि नंतर त्यानं तो विषयच काढला नाही. आता हा लग्नाला नाही म्हणतो की काय, ही धास्ती वेगळीच.

तिची आजी, त्याचे आजोबा, दोघंही देवाघरी गेलेले, विचारणार कुणाला? त्या खोऱ्यात माणूस ओळखतात तो घराच्या नावानं. आडनाव लागतं फक्त पोस्टमनला.

बुधवारी तिनं चर्चमागचं फादर अलोयझांचं दार ठोठावलं. जुने पाद्री घरोघरी जाऊन माणसांची शिरगणती करत, त्या वह्या तिथं होत्या.

"ये पोरी. वही काढूनच ठेवलीय," फादर म्हणाले.

घर क्रमांक चौदा, झागार. नवरा, बायको, चार मुलं. धाकटी मारिया, जन्म १९२७. ही तिची आजी. तिचं बोट पुढं सरकलं. मारियाखाली आडवी रेघ होती: '१९३२, घर विकून खालच्या गावी गेले.' त्याखाली वेगळ्या शाईत डोंगरापलीकडून आलेलं दुसरंच कुटुंब, आणि १९३४ साली त्यांना झालेला मुलगा लोव्रेन्स. गाश्परचे आजोबा.

"म्हणजे, फादर?"

"म्हणजे घर विकत घेतलं, तसं नावही घराबरोबर आलं. तुमच्यात रक्ताचं नातं नाही गं बाई."

नेझानं टेबलावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. मग तिला हसूही फुटलं. "आत्याला शनिवारी पोतीत्सा देणार नाही मी!"

"दे गं. नाही दिलास तर दुसरं काहीतरी उकरून काढेल."

डोळे पुसता पुसता तिला प्रश्न पडला. "पण वही आधीच कशी काढलीत?"

"काल गाश्पर आला होता. म्हणाला, ती झोपत नाहीये, येईलच तुमच्याकडे, तेवढं पान शोधून ठेवा."

"मग त्यानं वाचलं?" नेझानं घाईनं विचारलं.

"मी उघडून देत होतो, तर हात धरला माझा. म्हणाला, 'राहू द्या. त्यात काहीही असो, शनिवारी दहा वाजता मी इथं उभा असेन.'"