तिसरी पायरी

"जपून! तिसरी पायरी उंच आहे."

हे वाक्य मी दिवसभरात इतक्यांदा म्हणते, की झोपेतही म्हणत असेन. ऐकायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही.

बागेच्या मधोमध जुना बँडस्टँड आहे. गोल चौथरा, लोखंडी खांब, वर टोपीसारखं छप्पर, आणि चढायला पाच दगडी पायऱ्या, पलीकडे उतरायला तशाच पाच. एके काळी तिथे सुटीच्या दिवशी बँड वाजायचा म्हणे. आता तो नुसता वाटेत येतो. मागच्या फाटकाकडे जायचं तर लोक इकडून चढतात नि तिकडून उतरतात, तेवढाच बागेचा वळसा वाचतो. चढताना तिसऱ्या पायरीवर मात्र जो तो ठेचकाळतो. पहिल्या दोन पायऱ्यांनी पायाला लावलेली सवय तिसरी मोडते. बोटभर उंच आहे ती. बोटभर म्हणजे फार नाही, पण पायाला फसवायला तेवढं पुरतं.

समोरच्या बाकावर मी बसते आणि ओरडते. काही जण हसून मान डोलावतात. काही जण माझ्याकडेच बघत पुढे जातात आणि त्या नादात ठेचकाळतात. एक गृहस्थ आहेत, ऊन असो की ढग, काखेत छत्री असतेच. मी त्यांना छत्रीवाले म्हणते, मनातल्या मनात. ते रोज ठेचकाळतात, मी रोज ओरडते, आणि ते रोज वैतागून म्हणतात, "माहितीये हो मला!"

"माहितीये तर पाय उचला की!" मी म्हणते.

हे एवढंच आमचं बोलणं, पण त्याची मी सकाळपासून वाट बघते.

ती पायरी आमच्या ह्यांनी बसवलेली. हे पालिकेत गवंडी होते. तिथला जुना दगड तडकला, म्हणून ह्यांना नवा घडवून बसवायला सांगितलं. ह्यांनी दगड अगदी मापात घडवला, आणि खाली जो सिमेंटचा माल पसरायचा त्याची जाडी धरायलाच विसरले! ज्या माणसानं जन्मात एक भिंत ओळंब्याबाहेर जाऊ दिली नाही, त्यानं हे करावं? ध्यानात आलं तोवर माल घट्ट झाला होता. मुकादम म्हणाला, "असू दे रे, बोटभराला कोण बघतंय?" बघत कुणीच नाही, ठेचकाळतात सगळे.

त्यानंतर हे कधी बँडस्टँडवरून गेले नाहीत. लांबचा वळसा घालायचे. मी मेली चिडवायची, "चला, तुमच्या पायरीला भेटून येऊ." ह्यांचे कान लाल व्हायचे. "एकदा काढून नीट बसवायचीय मला ती," म्हणायचे. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरून मला म्हणाले, "तिसरी राहिलीच बघ." मी म्हटलं, "राहू दे हो, तिच्यामुळे गाव तुमची आठवण तरी काढतं." हसले. मग खोकला आला.

हे गेले, आणि मी ती बाग धरली. सकाळी येते, पाच पायऱ्या चढते, उतरते, बाकावर बसते. तिसरीला पाय आपोआप उचलतो, ढुंकून बघावं लागत नाही. आपली पायरी ओळखून असावं म्हणतात ना, तसं. तेवढीच ह्यांची भेट. घरी काय आहे? घरात भांडं पडलं तर ते मीच पाडलेलं असतं, आणि उचलायचंही मीच. मुलगा दूरच्या शहरात असतो, रविवारी फोन करतो. "जेवलीस? गोळ्या घेतल्यास?" घेतल्या म्हणते. मग तो म्हणतो, "बरं, ठेवू मग?" गुणी आहे हो पोरगा. पण गोळ्यांवर किती बोलणार!

तर अशात बातमी आली, बाग नवी करणार. बँडस्टँड पाडून तिथे कॉफीचं दुकान आणि रबराची जमीन.

पालिकेनं लोकांची सभा बोलावली. शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही मोठाली माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. पालिकेचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. चित्रातली माणसं सगळी तरुण, सगळी हसणारी, आणि एकही एकटं बसलेलं नाही. म्हटलं, ही बाग कुठली? मग मी उठले. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. म्हटलं, "साहेब, जुनं झालं म्हणून काढायचं असेल तर आधी मला काढा. मी त्या बँडस्टँडच्या समोरच असते, शोधायला त्रास नाही." लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. छत्रीवाल्यांनी तर छत्रीची मूठ खुर्चीवर आपटली.

मग एक चष्म्यातली मुलगी उठली. जुन्या इमारती जपायचं काम करणारी आर्किटेक्ट, पालिकेनंच सल्ल्याला बोलावलेली. तिनं जुने फोटो दाखवले, खांब कुणी ओतले, दगड कुठला, सगळं सांगितलं. म्हणाली, बागेत बदल जरूर करा, पण आधी जपायचं काय ते ठरवा आणि बाकीचं त्याच्या भोवतीनं बसवा. दोन सभा झाल्या, भांडणं झाली, आणि ठरलं: बँडस्टँड राहणार. कॉफीचं दुकान गेलं फाटकापाशी.

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन ह्यांच्या फोटोला म्हटलं, "वाचवली तुमची पायरी." कारण खरं सांगायचं तर इतिहासाचं मला काय हो! मला माझी पायरी हवी होती. बाकीचा बँडस्टँड तिच्याबरोबर वाचला.

पुढल्या आठवड्यात ती मुलगी टेप घेऊन आली. मला बघून धावत आली, "आजी, तुमच्यामुळे झालं हे!" म्हणाली. मी फुगले. मग ती पायऱ्या मोजायला बसली. पहिली, दुसरी. तिसरीला थांबली, परत मोजली, जिभेनं च्यक केलं.

"ही कुठल्या अडाण्यानं बसवलीय? जुन्या फोटोत सगळ्या सारख्या आहेत."

"अडाणी नव्हता," मी म्हटलं. "माझा नवरा होता."

पोरगी लाजून अर्धी झाली. "सॉरी, आजी," म्हणाली, आणि टेप गुंडाळून माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, मालाची जाडी, मुकादम, सगळं. कुणी इतका वेळ माझ्या शेजारी बसून किती काळ लोटला होता कोण जाणे.

ऐकून ती म्हणाली, "मूळ रूप आणायचं, असं मीच लिहून दिलंय. म्हणजे ही काढून नीट बसवावी लागेल. दगड हाच राहील, फक्त खालून तासायचा. पण आजी, नंतरची दुरुस्ती हाही इमारतीचा इतिहासच असतो. तुम्हाला हवं असेल तर ही आहे तशी ठेवावी म्हणून मी भांडेन. तुम्ही सांगा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! मीच बँडस्टँड वाचवला, म्हणून तर पायरीला टेप लागली.

मी लगेच 'ठेव' म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं. ती पायरी सारखी झाली की कुणी ठेचकाळणार नाही. कुणी ठेचकाळलं नाही की मी ओरडणार कशाला? आणि मी ओरडले नाही तर माझ्याशी बोलणार कोण? हे तिला कसं सांगायचं? लोकांनी अडखळावं म्हणून ठेव बाई, नाहीतर माझा दिवस जात नाही, असं?

तेवढ्यात एक बाई कडेवर मूल घेऊन पायऱ्या चढायला लागली. मी विचारांच्या नादात ओरडायची राहिले. तिसरीला तिचा पाय आपटला, तोल गेला, तिनं खांब धरला म्हणून निभावलं. मूल भोकाड पसरून रडायला लागलं. आणि मला ह्यांचे लाल कान आठवले. हे असते तर त्यांनी त्या बाईकडे बघितलंही नसतं, मान खाली घालून वळसा घालून गेले असते. जन्मभर गेलेच की. आणि मी त्याच पायरीवर बाजार मांडून बसले होते.

"काढ," मी म्हटलं. "त्यांनाही काढायचीच होती."

"नक्की?"

"नक्की काय विचारतेस! काढ म्हटलं ना. आणि खालच्या मालाची जाडी धर म्हणावं तुझ्या गवंड्याला."

बँडस्टँडभोवती पत्रे लावले, काम चाललं, पत्रे निघाले. त्या दिवशी मी भल्या सकाळी जाऊन बाकावर बसले. लोखंडाला नवा काळा रंग होता, दगड धुऊन काढले होते. तिसरी पायरी तिच्या भावंडांत अशी बसली होती, की वेगळी काढता येईना. ह्यांना दाखवायला हवी होती.

माणसं आली, चढली, गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सगळ्यांचे पाय एका चालीत. कुणी खाली बघितलं नाही, कुणी माझ्याकडेही बघितलं नाही. दुपार झाली तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मुद्दाम खाकरून बघितलं, आवाज आहे की गेला म्हणून. एक कबुतर तेवढं उडालं. ती मुलगी येईल असं उगाच वाटत होतं, पण तिचं काम संपलं होतं. ती का येईल?

मग म्हटलं, आपली भेट तरी राहिलीय. उठले. पहिली चढले, दुसरी चढले, आणि तिसरीला सवयीनं पाय उंच उचलला. खाली दगड मिळेचना. पाय असा आपटला की दातांवर दात वाजले, आणि मी दोन्ही हात पुढच्या पायरीवर टेकले.

"अहो, जपून!"

वर छत्रीवाले उभे होते. छत्री खाली टाकून त्यांनी हात पुढे केला. "सगळ्या सारख्या केल्यात हो आता."

"माहितीये मला," मी म्हटलं. "पायाला माहीत नाही अजून."