टोक नसलेला दोरा

दुपारी ताई बाटली उघडणार होत्या. ताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या. एका पॉलिमरची, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थाची, ती एकुलती एक बाटली, बनवताना त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला. पाण्यात सोडलं की त्याच्या साखळ्या आपोआप जुळून केसाहून कितीतरी बारीक, लांब दोरे होतील, औषध आपल्या पोटात भरून नेणारे, असं माझ्या संगणकाने सांगितलं होतं. त्या चित्राच्या भरवशावर ताई सगळी बाटली ओतणार.

आणि मी घरी, झोपलेल्या लेकीला एका हातावर सांभाळत, मोकळ्या हाताने तेच चित्र फिरवून फिरवून बघत होते.

दोऱ्याचं टोक कुठे दिसेना.

संगणकात आम्ही साखळ्या सोडतो त्या एका छोट्याशा खोक्यात. खऱ्या पाण्याला अशा भिंती नसतात, म्हणून युक्ती करतो: उजव्या भिंतीतून जे बाहेर जाईल ते डावीकडून आत येतं. माझं खोकं आखूड पडलं होतं. दोरा उजवीकडून गेला, डावीकडून आला आणि स्वतःलाच चिकटला. टोकंच नाहीत, तर तो आखडणार कुठून आणि तुटणार कुठून? खऱ्या पाण्यात मात्र तो टिकेलच असं नव्हतं.

लांब खोकं घेऊन गणित पुन्हा लावलं. ते गोगलगाईसारखं सरकत होतं.

सासूबाई दारातून हळूच म्हणाल्या, "सुटला का गं गुंता?"

"वाढलाय, आई. ताईंना थांबवायला हवं. पण शंका खोटी निघाली तर? तपासणीच्या यंत्रावरची आजची पाळी हातची जाईल. ताई आणि प्रयोगशाळेचे प्रमुख सर, दोघं कच्ची खातील मला."

"तुला खाऊन कुणाचं पोट भरणार? नुसती हाडं. लाव फोन."

ताईंचा मोबाइल कुणी उचलेना. प्रयोगशाळेतल्या फोनची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. शेवटी ताईंनी उचलला.

"काय गं? झाकण उघडलंय, पटकन बोल."

"ओतलं?"

तेवढ्यात लेक दचकून उठली आणि तिने टाहो फोडला.

"ताई, ओतलं का?"

"आधी तिला घे जवळ. नाही ओतलं अजून. का?"

रडण्यावरून आवाज चढवून मी सगळं सांगितलं.

"खात्री आहे तुला?"

"नाही."

"खात्री नाही, आणि मी पाळी सोडू?"

"हो."

"धन्य आहेस! सरांना तू सांगायचंस. मी शिव्या खाणार नाही."

"सांगते."

झाकण फिरवल्याची करकर ऐकू आली, मग फोन ठेवल्याचा आवाज.

लेकीला पाजत मी पडद्याकडे बघत बसले. लांब खोक्यात दोरा तसाच होता, ताठ. तुटू नकोस, असं मनात आलं. लगेच उलटंही आलं.

मग तो मध्येच बारीक झाला. आणखी बारीक. तुटला. दोन्ही तुकडे आखडत गेले आणि त्यांचे गोल गोळे झाले.

बाटली वाचली. माझं चित्र मात्र गेलं, आणि त्याच्या आधारावर लिहून ठेवलेलं सगळंही. डोळे भरून आले, ते सुटकेने की दुःखाने, कळेना. लेक पिता पिता थांबली, माझी हनुवटी चाचपून परत पिऊ लागली.

तिचं पोट भरू दिलं. मग तिला खांद्यावर घेतलं आणि सरांना फोन लावला.