दोन नंबरचा फलाट

क्यूएमोन, त्यांचे चिरंजीव शिनपेई, शिनपेईंचे तोमेकिची आणि तोमेकिचींचा हा एइझो, माझा मुलगा. या घराण्यावर मिनेसावा स्थानकाचे एक ऋण होते. शिनपेई, म्हणजे माझे सासरे, विशीत असताना हिमवादळात वाट चुकले. तेव्हाचे स्टेशनमास्तर कुरोसाकी यांनी फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ठोकला. त्या आवाजाच्या रोखाने सासरे जिवंत परतले. कुरोसाकींची दोन बोटे मात्र थंडीने गेली.

त्यांचाच नातू तेत्सुओ गेल्या फेब्रुवारीत बोगद्याच्या तोंडावरचा बर्फ काढायला गेला आणि वादळात सापडला. रूळ बर्फाखाली गडप झालेले, शेजारी दरी. वीज गेल्यामुळे भोंगा मुका. स्थानकावर तिकिटे विकणारा एइझो दोन तास तोच तुकडा बडवत होता.

मी पोहोचले तेव्हा त्याचा धीर सुटला होता.

"आई, त्याला ऐकूच जात नाहीये. संपलं सगळं."

"रडगाणं नंतर गा. हा तुकडा इथे कोणी टांगला?"

"नवी इमारत झाली तेव्हाच इकडे हलवला. छपराखाली सोय म्हणून."

"सोय! तुझ्यात आणि बोगद्यात अख्खी इमारत आडवी आहे. तुझ्या आजोबांनी ऐकला तो आवाज दोन नंबरच्या फलाटावरून आला होता, दरीच्या अंगाने."

"तो फलाट उखडून वीस वर्षं झाली, आई!"

"फलाट नेला, जागा नाही नेली. सिग्नलचा जुना खांब आहे अजून. उचल."

दोघांनी तो तुकडा ओढत रुळांपलीकडे नेला. दोराची गाठ बसेना, म्हणून एइझोने हातमोजे काढले. ते वाऱ्याने नेले. तो उघड्या हातांनी ठोकू लागला. तासाभराने मी हातोडा मागितला.

"बाजूला हो!"

इतक्या उर्मटपणे तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी बाजूला झाले.

एकदा त्याने हातोडा खाली टाकला. मग त्याने तो पुन्हा उचलला.

अंधारायला आले तेव्हा त्या पांढऱ्या वादळातून कोणीतरी रांगत आले.

"थांबव रे बाबा," तेत्सुओ पुटपुटला. "कान फुटले माझे."

शहरातल्या डॉक्टरांनी एइझोच्या उजव्या हाताची दोन बोटे काढली. तेत्सुओ आमच्या दारात आला आणि कपाळ जमिनीला टेकवून राहिला.

"काकू, हे मी कसं फेडू?"

"ऊठ," मी म्हणाले. "तुझ्या आजोबांचीही दोनच गेली होती."