धाकलूचा खोकला

धाकलू वारून महिने लोटले, तरी त्याच्या बंद घरातून भरदुपारी खोकला ऐकू येतो, असं खर्डीच्या वरच्या कातकरवाडीत सगळेच म्हणू लागले होते. मोह वेचायला जाणाऱ्या बायांनी त्या घरावरची पायवाट सोडली आणि ओढ्याकडून लांबचा वळसा घ्यायला सुरुवात केली. भगताने दारात लिंबू ठेवून पाहिलं. खोकला काही थांबला नाही.

वाडीची आशाताई कविता हिने ही गोष्ट दर्शनाच्या कानावर घातली, ती हसत हसतच. दर्शना हसली नाही. शहापूरच्या एका दवाखान्यात ती छातीच्या रुग्णांची नर्स होती, आणि धाकलू तिच्याच वॉर्डात क्षयाने गेला होता. माणसं चेहऱ्यावरून ओळखावीत तशी ती रुग्णांना खोकल्यावरून ओळखायची. धाकलूच्या दोन आखूड उबळी असायच्या आणि मागून फुटक्या पाव्यातून वारा जावा तशी लांब शिटी. तो गेल्यावरही त्याच्या रिकाम्या खाटेकडून कधीतरी ती शिटी यायची, आणि सलाइन लावता लावता तिचा हात थबकायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकलूच्या घरच्यांची तपासणी राहूनच गेली होती. मूलबाळ नव्हतं. बायको ठकू त्याचे दिवस घालून भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेली, असं कळलं होतं. निदान शेजाऱ्यांची थुंकी तरी तपासू, म्हणून दर्शना डब्या घेऊन कवितासोबत वाडीवर गेली.

ऊन रणरणत होतं. वाडी सामसूम. एका अंगणात उभ्या असताना दोघींनी तो खोकला ऐकला. दोन आखूड उबळी, आणि मग शिटी.

कविता जागीच थिजली. हा त्याचाच, एवढंच दर्शनाच्या मनात आलं. पाय मागे फिरायला बघत होते. पण खोकला ऐकला की खोकणाऱ्याकडे जायचं, ही सवय इतक्या वर्षांची, की ती धाकलूच्या घराकडे चालू लागली. दाराला बाहेरून कडी होती. मागच्या अंगाला कारवीच्या कुडाची भिंत सुटली होती. वाकून ती आत शिरली.

अंधारात आधी दिसला तो धाकलूचा निळा सदरा. सदऱ्यात कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. मग चेहरा वळला. ठकू होती.

भट्टीवर तिच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा मालकाने तिला हाकलून दिलं होतं. अंधार पडल्यावर ती वाडीत आली आणि मागून घरात शिरली. कुणाला दिसले तर दवाखान्यात नेतील, आणि तिथे गेलेला धाकलू खांद्यावरून परत आला होता, हे ती विसरली नव्हती. लोक भुताला भितात हे तिच्या कानावर होतं. तिने भिऊ दिलं.

"आन् मी एकटी नाय, ताई," ती म्हणाली. "मी गप बसले का तो खोकतो."

दर्शनाने स्वतः मास्क लावला, तिला लावून दिला आणि हाताला धरून तिला मागच्या झाडाखाली उघड्यावर आणलं. श्वास खोल घे, जरा धरून ठेव, मग छातीतून काढ, असं ती सांगत गेली. ठकूने मास्क खाली करून डबीत बेडका टाकला आणि दमून खोडाला टेकली. डबीचं झाकण लावताना घरातून पुन्हा आवाज आला का, हे दर्शनाने कविताला विचारलं नाही. कवितानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

मशीनवरचा तपास क्षयाचाच आला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाला वर डाग होता, पण नेहमीच्या गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. ठकूला समजावताना डॉक्टर म्हणाले, तुझ्या नवऱ्याचेच जंतू तुझ्या छातीत आलेत. ठकूने मान हलवली आणि गोळ्या घेऊन ती घरी आली. थोड्याच दिवसांत कविताला त्या गोळ्या चुलीच्या राखेत सापडल्या.

दर्शना पुन्हा वाडीवर गेली. ठकू उंबऱ्यात बसली होती.

"तो माझे छातीत हाय, डॉक्टर बोलला," ती म्हणाली. "गोळी घेतली तर मरंल ना तो?"

रिकाम्या खाटेकडे कान लावून बसणं काय असतं, ते दर्शनाला ठाऊक होतं. ती शेजारी टेकली आणि वॉर्डातलं सांगू लागली. ठकू भाकरी घेऊन यायची तेव्हा धाकलू भिंतीकडे तोंड फिरवायचा, चल जा म्हणून ओरडायचा. ठकूला वाटे, मरताना माणूस आपल्यावर रागावला. पण ती गेली की तो दर्शनाला जवळ बोलवायचा.

"विचारायचा, ती लांब बसली होती ना?" दर्शना म्हणाली. "तिला माझा वारा नको लागायला, म्हणायचा."

"असा बोलला तो?"

"रोज."

ठकूने तळवा पुढे केला. दर्शनाने त्यावर गोळ्या ठेवल्या, आणि ठकूने त्या पाण्याबरोबर गिळल्या.

पुढे कविता रोज सकाळी समोर बसून गोळ्या घ्यायला लावायची. पावसाळ्यात आधी शिटी गेली, मग उबळी विरळ होत गेल्या. घराचा कूड पुन्हा बांधला गेला. भातकापणी आटोपली तेव्हा शेवटची तपासणी झाली. थुंकीत काही उरलं नव्हतं. दर्शना स्वतः सांगायला आली.

ठकूने सगळं ऐकून घेतलं. तिची छाती नीट, हलकी, वरखाली होत होती.

"मंजे गेला तो," ती म्हणाली.

"हो. गेला."

ठकू अंगणात बसली आणि तिने टाहो फोडला. माती देताना तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, म्हणून वाडीने तेव्हा तिला नावं ठेवली होती. आता तो आवाज खालच्या ओढ्यापर्यंत गेला. घराघरांतून बाया येऊ लागल्या. म्हातारी मंगळी सगळ्यांत आधी पोचली, तिने ठकूचं डोकं मांडीवर घेतलं आणि धाकलूच्या नावाने रडणं धरलं. दर्शनाने खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवली आणि त्या बायांत जाऊन बसली.